आमटी-भातवाल्यांनी कोरियात कसं राहायचं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोलमधल्या रोजच्या जगण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेसेज आले. सिरीयलीत दिसतं ते राहू द्या, तिथे राहायला गेल्यावर काय होतं ते सांगा, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. त्यातले काही प्रश्न घेतलेत, आधी पोटाचा.

ताई, मी रांजणगावला एका कोरियन कंपनीत आहे, ट्रेनिंगसाठी तिकडे पाठवतायत. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. घरचे म्हणतात उपाशी राहशील. खरंच काय खायचं? (एक वाचक, शिरूर)

उपाशी नाही राहणार तुम्ही, पण विचारून विचारून खावं लागेल. मांस ताटात दिसतं, ते बाजूला ठेवता येतं, खरी अडचण न दिसणाऱ्या मासळीची आहे. बहुतेक सूप, रस्से आणि नूडल्स ज्या पाण्यात होतात ते वाळवलेल्या बारीक मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं उकळून काढलेलं पाणी असतं, आणि किमचीत, म्हणजे रोज ताटात असणाऱ्या तिखट मुरवलेल्या कोबीत, बहुतेक वेळा मिठात मुरवलेला जवळा नाहीतर माशाचा सॉस असतो. तुम्ही नुसतं 'मांस नको' म्हणालात तर हॉटेलातल्या मावशी अगदी मनापासून बीफ-पोर्क काढून देतात, पण हॅम, फिशकेक, अंडं तसंच राहतं कारण त्यांच्या हिशेबात ते मांसात धरतच नाहीत. म्हणून मोबाईलवर कोरियनमध्ये एकेक जिन्नस लिहून ठेवा, मांस नको, मासे नकोत, जवळा नको, अंडं नको, मासळीचं पाणी नको, आणि ऑर्डरच्या आधी दाखवा. नाही जमणार तर तसं तोंडावर सांगतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट तेच बरं.

बिबिमबाप हा तुमचा आधार. भातावर पालक, मोड आलेले सोयाबीन, गाजर, मशरूम, डोंगरातल्या नेच्याचे कोंब, वर तिळाचं तेल आणि लाल तिखट पेस्ट, सगळं चमच्याने खालपासून कालवायचं. अंडं-मांस काढायला सांगा आणि पेस्टबद्दलही विचारा, काही ठिकाणी त्यात खिमा परतून घालतात. उन्हाळ्यात कोंगुक्सु मिळतं, सोयाबीनच्या गार घट्ट दुधातल्या शेवया, चवीला मीठ तुम्ही स्वतः घालायचं. मला फार आवडतं.

आणि एकदा तरी बौद्ध मंदिरातलं जेवण जेवा. सोलमध्ये जोग्येसा मंदिराच्या आसपास तशी खास रेस्टॉरंट आहेत. त्यात मांस-मासे तर नाहीतच पण कांदा-लसूणही नाही, चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला वेगळं काही सांगायलाच लागत नाही. बुद्धजयंती त्यांच्या चौथ्या चांद्र महिन्याच्या अष्टमीला, बहुतेक वेळा मे महिन्यात येते, त्या दिवशी कितीतरी मंदिरांत येणाऱ्या सगळ्यांना बिबिमबाप वाढतात.

घरून छोटा कुकर, हिंग आणि गोडा मसाला न्या. डाळी, पीठं, मसाले सोलच्या इतेवॉनमध्ये किंवा सोलजवळच्या आन्सान शहरातल्या वोंगोक-दोंगमध्ये मिळतात. कुकर इंडक्शनवर चालणारा बघूनच घ्या, भाड्याच्या खोलीत बऱ्याचदा इंडक्शन असतं आणि आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. करंट 220 व्होल्टच आहे पण सॉकेट दोन गोल पिनांचं, आपली तीन पिनांची पिन बसत नाही, अॅडाप्टर न्या.

मुलगी मास्टर्ससाठी सोलला चाललीये. एका खोलीसाठी पाच-सहा लाख रुपये डिपॉझिट सांगतायत. फसवणूक तर नाही ना? (एक आई, नाशिक)

आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण तिकडची पद्धतच तशी आहे. वॉल्से म्हणजे मोठं डिपॉझिट अधिक महिन्याचं भाडं, त्यात एक कोटी वॉन, म्हणजे आपले साधारण सहा लाख, सर्रास मागतात. दुसरा प्रकार जॉन्से. त्यात महिन्याचं भाडंच नाही, पण घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम मालकाकडे ठेवायची, बहुतेक दोन वर्षांनी करार संपला की ती पूर्ण परत. ऐकायला छान वाटतं, पण 2022-23 मध्ये यातच हजारो भाडेकरूंची डिपॉझिटं बुडाली, त्यात तरुण पोरं फार होती, शेवटी 2023 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मुलीला जॉन्सेच्या वाटेला अजिबात जाऊ देऊ नका.

वॉल्से घेताना घराचा रजिस्ट्रीचा उतारा ऑनलाईन काढता येतो, आपल्या सातबारासारखाच समजा, त्यावर मालकाचं नाव आणि घरावर कर्ज किती ते दिसतं. पैसे त्याच नावाच्या खात्यात भरायचे, एजंटच्या नाही. राहायला गेल्यावर लगेच पत्त्याची नोंद करायची आणि वॉर्डाच्या ऑफिसात करारावर तारखेचा शिक्का घ्यायचा. उद्या घर लिलावात गेलंच तर डिपॉझिट मागताना तो शिक्का लागतो, म्हणून आज-उद्या करत बसायचं नाही. माझं मत विचाराल तर पहिलं सेमिस्टर हॉस्टेलमध्येच काढू द्या, खोली स्वतः डोळ्यांनी बघून मग घेऊ दे.

तिकडे कचऱ्याचे नियम फार कडक असतात म्हणे? (एक वाचक, ठाणे)

हो, आणि मला ते मनापासून पटतात. ओला कचरा डंपिंगवर टाकायला 2005 पासून बंदी आहे. साध्या कचऱ्याची पिशवीसुद्धा ठराविकच, ती दुकानातून विकत घ्यायची, तिच्या किमतीतच कचरा उचलायचे पैसे आले, आणि प्रत्येक वॉर्डाची पिशवी वेगळी. ही पद्धत 1995 पासूनची. बऱ्याच अपार्टमेंटांत ओल्या कचऱ्यासाठी मशीन असतं, कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत ओतलं की वजन स्क्रीनवर येतं आणि तेवढे पैसे तुमच्या नावावर. स्वतःच्या घरातलं उरलेलं अन्न असं ग्रॅममध्ये समोर दिसलं की दुसऱ्या दिवशी भात आपोआप बेतानेच लागतो.

काय ओलं नि काय नाही यात नवीन माणूस अडकतो. तिथे हा कचरा जनावरांचं खाद्य, खत आणि गॅस करायला जातो, म्हणून जनावर जे खाणार नाही ते साध्या पिशवीत. कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, चहाचा चोथा, हे आपल्याकडे डोळे झाकून ओल्यात टाकतो, तिथे नाही.

पण एक गोष्ट मला तिथे सारखी खुपते. पहाटे पाठीत वाकलेले आजी-आजोबा हातगाडीवर पुठ्ठे गोळा करत फिरतात, किलोवर विकून घरखर्चाला हातभार. वयाच्या 65 नंतर सबवे फुकट आहे, डब्यात म्हाताऱ्यांच्या सीट रिकाम्या असल्या तरी तरुण पोरं तिथे बसत नाहीत, आणि तरी त्या श्रीमंत देशात म्हातारपणची गरिबी विकसित देशांत सगळ्यात जास्त आहे, पासष्टीपुढच्या दर पाचातल्या जवळपास दोघांना ती आहे. सीट राखून ठेवणाऱ्या समाजाने त्यांच्या पेन्शनचंही बघायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

कोरियन लोक पहिल्याच भेटीत वय विचारतात, हे उद्धट नाही का? (कॉलेज विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही गं. वय कळल्याशिवाय अहो-जाहो करायचं की अरे-तुरे हेच त्यांना ठरवता येत नाही, एका वर्षाचाही फरक धरतात. पूर्वी तर जन्मतःच एक वर्ष आणि दर 1 जानेवारीला एक वाढायचं, म्हणजे 31 डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. 28 जून 2023 पासून कायद्याने वाढदिवसाप्रमाणे वय धरतात, पण गप्पांत अजून जन्मसालच विचारतात. सरळ सांगून टाक.

ऑफिसनंतर कोणी बोलत नाही, शनिवार-रविवार खायला उठतो. ओळखी कशा करायच्या? (सुवॉनमध्ये राहणारा एक वाचक)

डोंगरावर जा. सबवेत शेजारचा माणूस मोबाईलमधून मान वर करत नाही, पण तोच माणूस डोंगरवाटेवर समोरून आला की आपण होऊन नमस्कार करतो. सोललगतच्या बुखानसानचं टोक बेगुंदे 836 मीटरचं, शेवटी दगडाला लावलेली तार धरून चढायचं, सह्याद्रीत फिरलेल्याला काही अवघड नाही. साठी-सत्तरीच्या काकू भडक रंगाचे जॅकेट घालून भराभर पुढे निघून जातात आणि वर पोचलात की पिशवीतून काकडी काढून अर्धी तुम्हाला देतात. ती दोन्ही हातांनी घ्या. तुमच्याकडे चिवडा-लाडू असतील तर तेही काढा, गप्पा तिथूनच सुरू होतात, भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते. उतरल्यावर पायथ्याच्या टपऱ्यांवर लोक कांदापातीची धिरडी खात बसलेले असतात, बोलावलं तर बसा. धिरड्यात अंडं नाहीतर कोळंबी असू शकते, खात नसाल तर आधी विचारा. डिसेंबर ते मार्च वाटेवर बर्फ घट्ट होऊन काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, बुटांना बांधायचे लोखंडी काटे पायथ्याच्या दुकानात मिळतात, ते घेतल्याशिवाय वर जाऊ नका.