गाडी 'हाल्ब द्राय'ला, म्हणजे किती वाजता?

प्रश्न : ताई, माझं वय ६१. जुलैमध्ये मी आणि सौ. मुलाकडे, कार्ल्सरूहला चाललो आहोत. मुलाला सुट्टी नाही, त्यामुळे फ्रँकफर्टला उतरून आम्हाला दोघांनाच ट्रेनने जायचं आहे. आमच्या शेजाऱ्यांची मागच्या वर्षी मानहाइमला गाडी रद्द झाली आणि ते चार तास बाकावर बसून राहिले. भाचा म्हणतो, 'मामा, मोबाइल सगळं भाषांतर करून देतो, या वयात जर्मन कशाला?' हातात तीन महिने आहेत. शिकण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भाच्याचं अर्धं बरोबर आहे. फलकावर काय लिहिलंय ते मोबाइलचा कॅमेरा छान वाचून दाखवतो, आणि सगळं सुरळीत चाललं असेल तर तुमचं इंग्रजीवर निभावेल. अडतं ते बिघडल्यावर. मोठ्या स्टेशनांवर ठरलेल्या घोषणा इंग्रजीतही होतात. पण ऐन वेळी गार्ड माइक हातात घेऊन घाईघाईत जे बोलतो ते बहुतेक वेळा फक्त जर्मनमध्ये असतं. कर्णा खरखरतो, शेजारून दुसरी गाडी धडधडत जाते, आणि तुम्ही मोबाइल वर धरून उभे असता. तोवर घोषणा संपलेली असते आणि अर्धा फलाट बॅगा ओढत जिन्याकडे पळत असतो.

म्हणून तीन महिन्यांत व्याकरणाच्या मागे लागू नका. 'देअर, दी, दास' या लिंगांच्या भानगडीने मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना छळलं आहे, तुम्हाला त्यातून माफी. कान तयार करा, आणि तेही आकडे आणि वेळ एवढ्यापुरते.

आकड्यांत आपण मराठी माणसं जन्मजात पुढे आहोत. इंग्रजीत आधी वीस, मग चार. जर्मन 'फिअर-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतो, आधी चार, मग वीस. आपला चोवीसही तसाच, चार आधी! माझे विद्यार्थी इथे अडखळायचे ते केवळ मनात इंग्रजीतून मोजत असल्यामुळे.

वेळेचा किस्सा माझा स्वतःचा आहे आणि फारसा अभिमानाचा नाही. १९९१ साली फ्रायबुर्गहून टिटिझेला निघाले होते. रुळांवर झाड पडलं, गाडी रद्द. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, बस 'हाल्ब द्राय'ला सुटेल. द्राय म्हणजे तीन. मी पुण्यात जर्मन शिकवणारी बाई! तरी घाईत डोक्यात इंग्रजीतलं 'हाफ थ्री' वाजलं, साडेतीन धरले आणि समोरच्या कॅफेत चेरीचा केक खात बसले. सव्वातीनला आले तर बसथांब्यावर चिटपाखरू नाही. बस अडीचलाच गेली होती. पुढची 'हाल्ब फ्युन्फ'ला, म्हणजे साडेचारला.

जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, तिसरा तास अर्धा झाला. त्या थांब्यावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की आपला 'अडीच' तरी दुसरं काय आहे? संस्कृत 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा. दीडही तसाच, दुसरा अर्धा. मी मधे इंग्रजीला घेतलं नसतं तर बस चुकली नसती. तेव्हा घरी सौ.ना वेळा सांगायला लावा आणि तुम्ही ओळखा. हाल्ब त्स्वाय, दीड. हाल्ब फिअर, साडेतीन. भांडणं होतील, पण पाठ होईल.

आता घोषणेतलं कान देऊन ऐकायचं ठिकाण. जर्मन क्रियापदाचा एक तुकडा तुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. 'देअर त्सूग फेअर्ट... आप' म्हणजे गाडी सुटते. 'देअर त्सूग फेल्ट हॉइटं... आउस' म्हणजे आज गाडी रद्द. सुरुवात दोन्हीकडे जवळपास सारखी. म्हणून शेवटच्या शब्दापर्यंत दम धरा, आणि 'आउस' ऐकलं की बाकावरून उठा. 'ग्लाइस' म्हणजे फलाट, त्याच्या पुढचा आकडा पकडा. 'एर्झात्स' ऐकू आलं तर बहुधा गाडीऐवजी बस आहे असं समजा. ती फलाटावर येत नाही, स्टेशनाबाहेर शोधावी लागते.

बोलायला एकच वाक्य पाठ करा : 'फारेन झी आउख नाख कार्ल्सरूहं?' म्हणजे, तुम्हीही कार्ल्सरूहलाच चाललात का? एरवी तिथली माणसं अनोळखी माणसाशी मुद्दाम बोलायला जात नाहीत. पण गाडी रद्द झाली की सगळा फलाट एकदम कुरकुरायला लागतो, अगदी आपल्यासारखा. त्या क्षणी हे वाक्य टाका. 'या', म्हणजे 'हो', म्हणणारी एखादी बाई मिळाली, की ती जिथे पळेल तिथे पळायचं. पुढचं ती इंग्रजीत सांगेल, मोडक्या का होईना. तुमच्या शेजाऱ्यांनी हा प्रश्न विचारला असता तर चार तास बसावं लागलं नसतं, असं मला वाटतं. मानहाइम मोठं जंक्शन आहे, तिथून कार्ल्सरूहला गाड्यांची वाण नाही.

ते बसून राहिले त्याचं कारण कदाचित भाषा नव्हतीच. स्वस्तातलं तिकीट ठरावीक गाडीपुरतंच असतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीत चढलो तर दंड होईल अशी भीती वाटते. नियम असा, की ठरलेल्या ठिकाणी २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. या बंधनाला 'त्सूगबिंडुंग' म्हणतात. हा शब्द कागदावर लिहून न्या आणि चौकशीच्या खिडकीवर नुसता दाखवा. एक तास उशिरा पोचलात तर, काही अपवाद सोडता, एकेरी भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांवर ५० टक्के. त्या परताव्याचा फॉर्म मात्र भाच्याच्या मोबाइलवर सोपवा. तिथे त्याचं खरंच चालतं.

आणखी एक. फ्रँकफर्ट विमानतळावर स्टेशनं दोन आहेत. फलाट १ ते ३ जवळच्या गाड्यांचे, ४ ते ७ लांब पल्ल्याच्या. तुम्ही 'फेर्नबानहोफ', म्हणजे लांब पल्ल्याचं स्टेशन, अशी पाटी धरून चाला.