बोट रद्द होण्यात एकटेपणाचा काय दोष?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहिते. मिस्टर जाऊन काही वर्षं झाली, मुलगा-सून पुण्याला. अंदमान बघायचं लग्नापासून मनात होतं, ते राहून गेलं होतं. यंदा डिसेंबरात एकटीच गेले. सुरुवातीचे दिवस फार छान गेले, सेल्युलर जेलमध्ये तर पाय निघत नव्हता. मग एकामागून एक सुरू झालं. हॅवलॉक बेटाच्या एलिफंट बीचवर मासे बघायला पाण्यात उतरले. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवला होता, तरी पाऊचमध्ये पाणी शिरलं आणि फोन गेला. तिकिटं, राहायचे पत्ते, जीपे, सगळं त्यातच. नील बेटावर समुद्रातला तो दगडी पूल बघायला गेले, तिथे खडकावरून पाय सटकून तळवा कापला. शेवटी परतीच्या आदल्या दिवशी समुद्र खवळला म्हणून पोर्ट ब्लेअरला परतायची दुपारची बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी सकाळचं पोर्ट ब्लेअर-चेन्नई विमान हुकलं. चेन्नई-मुंबई विमान दुसऱ्या कंपनीचं होतं, तेही हुकलं. नवीन तिकिटांना मोजलेले पैसे सांगायचीही सोय नाही. ज्याच्याकडून तिकिटं काढली तो म्हणतो, एक रुपया परत मिळणार नाही. घरी आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाने एकटं जायचं म्हणजे हे असंच." मुलगा म्हणतो, "आई, आता पुरे. पुढच्या वेळी ग्रुपबरोबर जा." मला पुढच्या वर्षी लक्षद्वीपला जायचंय, तेही एकटीनेच. जाऊ की नको? आणि पैशांचं खरंच काही होणार नाही का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : जा. कारण पुढे सांगते, आधी पैशांचं बघू, कारण त्यात दिवस घालवून चालत नाही.

नौपाड्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटांच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे "एक रुपया मिळणार नाही" हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ते अर्धंच खरं असतं. विमान आपल्याकडून हुकलं तर मूळ भाडं बहुधा बुडतं, ते विसरा. पण तिकिटात भाड्याच्या जोडीला विमानतळाची फी आणि सरकारी कर असतात. तुम्ही विमानात बसलाच नाहीत, तर ती रक्कम परत करणं विमान कंपनीला बंधनकारक आहे. विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे आणि 'नॉन-रिफंडेबल' म्हणून विकलेल्या तिकिटालाही तो लागू आहे. तिकीट एजंटाकडून घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. दोन्ही कंपन्यांना पीएनआर नंबर घालून स्वतंत्र ईमेल करा, 'न वापरलेल्या तिकिटावरचे कर आणि विमानतळ शुल्क परत करा' एवढंच लिहा, वादळाची कहाणी लिहू नका. दाद लागली नाही तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार टाका, किंवा ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

बोटीचं वेगळं आहे. ती तुम्ही नाही, त्यांनी रद्द केली. त्या तिकिटाचे पूर्ण पैसे मागा. ते दिले नसतील तर तुमच्यासारखी हिशेब लिहिणारी बाई ते सोडणार नाही याची मला खात्री आहे. प्रवास विमा काढला असेल तर पॉलिसीत 'हवामानामुळे खोळंबा' आणि 'कनेक्शन हुकणे' ही दोन कलमं शोधा, आणि बोट रद्द झाल्याचा मेसेज किंवा कागद जपून ठेवा.

आता तुमच्या दिरांच्या बोलण्याकडे येते. तुम्ही एकटीच्या जागी दहा जणी असतात, तर त्या दुपारी बोट सुटली असती का? जेट्टीवर धोक्याचा बावटा लागला की बोट बंद. आपल्या कोळीवाड्यांत "तीन नंबरचा बावटा लागला" म्हटल्यावर कुणी होडी काढत नाही, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात हे ठाण्या-बेलापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. अंदमानात तेच होतं, फक्त ते आपल्या हिवाळ्यात होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातला वादळांचा मोसम, आणि त्यातले कितीतरी कमी दाबाचे पट्टे अंदमानच्या आसपासच तयार होतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक असेच अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांत कुटुंबं होती, हनिमूनची जोडपी होती, मोठमोठे ग्रुप होते. त्यांना कुणी "एकटे गेलात म्हणून" असं म्हणालं नाही.

मग चुकलं कुठे? आखणीत, आणि ती आखणी बहुतेक एजंटच अशी करून देतात. पोर्ट ब्लेअर आधी उरकायचं, मग हॅवलॉक, मग नील, तिथून बोटीने परत आणि लगेच सकाळी विमान. कागदावर एक रात्र वाचते, म्हणून ते स्वस्त दिसतं. मी गिऱ्हाइकांना उलटं करून द्यायचे. उतरल्यावर जमेल तितक्या लवकर लांबच्या बेटावर जा, आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवा. सेल्युलर जेल, रॉस बेट, चिडिया टापू हे सगळं त्या शेवटच्या दिवसांत. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी विमान हातात राहतं. आणि चेन्नई-मुंबई तिकीट वेगळ्या कंपनीचं घेऊ नका. मुंबईपर्यंतचा सगळा हवाई प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर पहिलं विमान कंपनीने रद्द केलं किंवा त्याला उशीर झाला की पुढचं बसवून देणं ही त्यांची जबाबदारी असते. सुटी तिकिटं जोडून हजारभर रुपये वाचतात खरे, पण तो जोड तुटला की तो तुमच्या एकटीच्या अंगावर येतो.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला मनापासून सांगायची आहे. आपल्याकडची माणसं दिवाळीत नाहीतर नाताळात अंदमानला जातात, कारण मुलांना शाळेला तेव्हाच सुट्टी असते. तुम्हाला शाळेचं बंधन नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गाळ्यावरून रजा मिळाली तर तेव्हा जा. समुद्र शांत असतो, पाण्याखालचं स्वच्छ दिसतं, बोटीची तिकिटंही सहज मिळतात. एकट्या माणसाला हवी ती तारीख धरता येते, आणि बेटावर जायचं तर हा फायदा फार मोठा आहे.

फोनचं मात्र एकटीने जाताना जड जातं, हे मान्य करते. चौघी असतात तर दुसरीच्या फोनवरून पैसे दिले असतेत. म्हणून एकटीने जाताना सगळं कागदावर हवं. विमानाच्या आणि बोटीच्या तिकिटांचे प्रिंट, आधार कार्ड प्रत्यक्ष, एक डेबिट कार्ड, आणि थोडे पैसे पर्समध्ये नव्हे, वेगळे ठेवलेले. हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकीच आहेत आणि गर्दीच्या दिवसांत ती रिकामी होतात. एका छोट्या वहीत मुलाचा, होमस्टेचा आणि बँकेचा नंबर लिहून ठेवा. प्रिंट काढताना एक ध्यानात असू द्या : २०१८ पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोटीच्या तिकिटावर हीच नावं दिसली तर गडबडून जाऊ नका.

फोन पाण्यात गेला तर तो चालू करून बघायचा नाही, आधी सिम काढून कोरडं करायचं. तेच सिम दुसऱ्या साध्या हँडसेटमध्ये घातलं की फोन आणि ओटीपी येऊ लागतात. सिम हरवून डुप्लिकेट घ्यावं लागलं तर पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही. मी म्हणेन, पाण्यात उतरायला जाताना फोन होमस्टेच्या खोलीतच ठेवा. मासे डोळ्यांनी बघा.

पायाच्या जखमेबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात, मला मात्र तीच काळजी जास्त वाटली. नीलचा तो पूल लक्ष्मणपूरच्या दोन नंबर बीचवर आहे आणि तिथे ओहोटीलाच जाता येतं. पाणी मागे गेलं की मेलेल्या प्रवाळाचा सगळा पट्टा उघडा पडतो. वरून तो काळपट, शेवाळलेला, अगदी गुळगुळीत दिसतो, पण शेवाळाखाली प्रवाळाची भोकं-भोकं असतात आणि प्रत्येक भोकाची कड किसणीसारखी. त्यात साधी स्लिपर ओली झाली की पाय आतल्या आत फिरतो आणि तळवा नेमका त्या कडेवर येतो. तिथे मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली रबरी सँडलच हवी, आणि पाऊल टाकायचं ते वाळूच्या खळग्यात, उंचवट्यावर नाही.

प्रवाळाची जखम साध्या खरचटण्यासारखी धरू नका. आत बारीक कण राहतात आणि आठवड्यांनीही ती चिघळते. गोड्या पाण्याने आणि साबणाने नीट धुऊन कण काढायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगायचं. तुमच्या तळव्याला अजून ठणका, लाली किंवा सूज असेल तर हा अंक खाली ठेवून आज संध्याकाळीच दवाखान्यात जा. मधुमेह असेल तर संध्याकाळचीही वाट बघू नका.

ओहोटीच्या वेळेबद्दल थोडं. आपल्या कोकणपट्टीत तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, आमच्या घरी सगळ्यांना तो हिशेब तोंडपाठ होता. तो अंदमानात लावू नका, तिथल्या वेळा वेगळ्या आहेत. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा किंवा होमस्टेच्या मालकिणीला विचारा. आणि अंधार! अंदमान आपल्यापासून खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, म्हणून डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. हॅवलॉकच्या राधानगर बीचवरचा सूर्यास्त बघून स्कूटीवरून जेट्टीकडे यायचं तर मधे बारा किलोमीटरचा झाडीतला रस्ता आहे. रिक्षावाल्याशी जाताना-येतानाचं आधीच ठरवून घ्या.

एकटेपणाचा खरा प्रश्न मला एकच दिसतो : पाय कापल्यावर तुम्ही कुठे आहात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याला उपाय आहे. सकाळी निघताना होमस्टेत सांगायचं, मी अमुक बीचवर जातेय, अमुक वाजता जेवायला येईन, आले नाही तर चौकशी करा. तेवढंच मुलाला कळवायचं. तुमच्या मुलाची धास्ती यानेच कमी होईल, वाद घालून नाही. दिरांना मात्र मी तुमच्या जागी असते तर उत्तरही दिलं नसतं.

लक्षद्वीपसाठी आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, आणि त्यात लिहिलेल्या बेटांवरच जाता येतं. विमान कोचीहून अगत्तीला जातं, जहाजंही कोचीहून सुटतात. प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या संस्थेच्या सहली असतात, त्यांत परवान्याचं काम तेच बघतात. पहिल्या खेपेला एकटीने त्यात नाव घालावं असं मी सुचवेन. पावसाळा टाळा, आणि कोचीला परतल्यावर एक रात्र मोकळी ठेवून मगच पुढचं तिकीट काढा.

प्रश्न : अंदमानहून येताना विमानतळावर माझ्या बॅगेतले शंख आणि पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे काढून घेतले. किनाऱ्यावर पडलेले होते, मी तोडले नव्हते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बरोबर आहे. प्रवाळ आणि शंखांच्या कितीतरी जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात, मग ते जिवंत असोत की मेलेले. त्या मेलेल्या शंखांतच खेकडे घर करतात. आठवण हवी असेल तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल जवळ ठेवा. तुमचा राग समजतो, पण तुमच्याकडून ते काढून घेणाऱ्याने त्याचं काम केलं.

प्रश्न : माझी मुलगी एकटी हॅवलॉकला चालली आहे. निघायच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी विमान असं तिने ठरवलंय. काही धोका?
— एक बाबा, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आहे. पाण्याखाली दाबाने नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. लगेच विमानात वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी त्याहून वाईट होतं. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान बारा तास, जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास जायला हवेत. मी पूर्ण दिवस सांगते. सर्दी असेल तर डाइव्ह नकोच, कान फुटायची भीती असते. आणि त्या सकाळी डाइव्ह करून हॅवलॉकहून बोटीने येऊन संध्याकाळचं विमान गाठायचं, म्हणजे वर कोपरखैरण्याच्या बाईंचं झालं तेच व्हायची तयारी ठेवायची. डाइव्ह पहिल्याच मोकळ्या दिवशी घ्यायला सांगा, बुकिंग आजच बदलून मिळेल.