ॲक्शन मॅनचं पार्सल अडकलंय? आधी पत्राला लेखी उत्तर द्या

तुमची पोस्ट वाचली आणि माझा जुना ठणका जागा झाला. इंग्लंडच्या मावसभावाने मामांचा सत्तरच्या दशकातला ॲक्शन मॅन (अमेरिकन जी.आय. जो या सैनिक बाहुल्याचा ब्रिटिश अवतार) बडोद्याला पाठवला, पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि आता ‘बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र सादर करा’ असं पत्र आलंय. फार वेगळं काही नाही, इंदुरात माझ्यासोबत हेच झालं होतं. फनस्कूल या भारतीय कंपनीच्या जी.आय. जोंचे पाय निखळल्याचा तुमचा दुसरा प्रश्न सोपा आहे, तो शेवटी घेतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही, कस्टम एजंटही नाही. नियम आणि दर बदलत असतात, त्यामुळे माझं लिखाण म्हणजे एका संग्राहकाची भडास समजा.

खेळण्यांवर बीआयएसची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. स्वस्त, विषारी रंगाचा माल बाजारात येऊ नये हा हेतू, आणि त्याला माझा पाठिंबाच आहे. पण परवाना मिळतो तो बनवणाऱ्या कारखान्याला. ॲक्शन मॅन बनवला पालिटॉय या ब्रिटिश कंपनीने, इंग्लंडमधल्या कोलव्हिलमध्ये, आणि १९८४ साली त्याचं उत्पादन थांबलं. आता पन्नास वर्षांच्या बाहुल्यासाठी परवान्याचा अर्ज करणार कोण? हा प्रश्न मी खिडकीवर विचारला. पलीकडच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “ते तुम्ही बघा.”

ते कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. पण तिथली पद्धत सांगतो, कारण तुमच्या वाट्यालाही तीच येऊ शकते. पहिल्या टेबलावर ‘खेळणं आहे, प्रमाणपत्र आणा’. दुसऱ्यावर ‘जुनं आहे तर तसं लिहून द्या’. लिहून दिलं तर तिसरं टेबल म्हणे, ‘हे आमच्याकडे येत नाही, ज्यांनी पत्र काढलं त्यांना विचारा’. पत्र काढणारे साहेब मीटिंगमध्ये. ईमेलला उत्तर नाही, फोन वाजून वाजून बंद. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं हो! नकार लेखी मिळाला की माणूस पुढे दाद मागू शकतो. इथे नकारही नाही आणि होकारही नाही. मुदत मात्र चालू. ती संपली आणि पार्सल परत इंग्लंडला गेलं. तिकडे ते पाठवणाऱ्या मित्राने उघडलं तर पेटी एका बाजूने फाडून पुन्हा चिकटवलेली, पॅराशूटवाल्या गणवेशाचा एक बूट गायब, आणि उजव्या हाताची दोन बोटं तुटून कागदात पडलेली.

ती बोटं तशीही नाजूकच असतात. १९७३ पासून ॲक्शन मॅनला बंदूक पकडू शकणारे मऊ हात आले, आणि ते मऊ प्लास्टिक वर्षानुवर्षांनी कडक होऊन तडकतं. म्हणजे पार्सल आपटणाऱ्याला पूर्ण दोष देता येत नाही, पण मी देतो.

तर तुम्ही काय करावं? पत्राला आजच तारीख घालून लेखी उत्तर द्या: वस्तू एकच आहे, वापरलेली आहे, घरच्या संग्रहासाठी आहे, विक्रीसाठी नाही, उत्पादन १९८४ ला बंद. फोटो जोडा. पोच घ्या, पोच दिली नाही तर स्पीड पोस्ट. तोंडी उत्तरावर एक दिवसही विसंबू नका. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, केंद्राच्या कार्यालयात १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत असते. त्याने पार्सल सुटेलच असं नाही, पण फाईल कोणत्या टेबलावर आहे ते तरी कळतं. सोबत मावसभावाला सांगून ठेवा, परत आलं तर स्वीकारायला नकार देऊ नकोस.

कुणीतरी सल्ला देईलच की पुढच्या वेळी ‘गिफ्ट’ लिहून पाठवा. नका करू. पोस्टाने येणाऱ्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्येच काढली गेली. आणि खोटं लिहिलं की उरलीसुरली बाजूही जाते. माझं मत विचाराल तर मावसभाऊ पुढे कधी भारतात येईल तेव्हा सामानातून आणू दे. अर्थात तेव्हाचे नियम त्याने बघूनच निघावं.

किंवा देशातलाच माल गोळा करा, मी आता तेच करतो. फनस्कूल १९८७ ला सुरू झाली, एमआरएफ आणि जी.आय. जो बनवणारी अमेरिकन हॅस्ब्रो यांच्या भागीदारीत. तिचे पावणेचार इंची जो रंगात बरेचदा अमेरिकन जोंपेक्षा वेगळे निघतात, म्हणून परदेशातले संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. आमच्याकडे इंदूरजवळच्या महू छावणीतून बदली झालेली फौजी कुटुंबं निघताना सामान काढतात, त्यात कधी कधी मुलांचा डबा निघतो. गेल्या खेपेला स्नेक आईज नावाचा एक जो मिळाला, अंगठा शाबूत! ओळखीच्या लोकांना सांगून ठेवा, भिया, रद्दीवाल्याला सुद्धा.

आता निखळलेले पाय. आतलं काळं रबरी कडं गेलंय, दुसरं काही नाही. पाठीवरचा एकच स्क्रू काढा, धातूचा हूक सांभाळा, जुनं रबर नमुन्याला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. इंदुरात सियागंजला मिळतं, बडोद्यातही मिळेल. स्क्रू आवळताना जोर लावू नका, छातीचं प्लास्टिक चिरतं. आणि कपाटात डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांची वाफ काही प्लास्टिकला चिकट करून टाकते. मे महिन्यात बाहुले माळ्यावर तर मुळीच नकोत.

मामांच्या ॲक्शन मॅनचा फोटो टाकाल तेव्हा पाठीवरचा शिक्काही दाखवा. त्यावर १९६४ दिसेल, पण तो हॅस्ब्रोच्या मूळ जी.आय. जोच्या हक्काचा सन आहे. ॲक्शन मॅन बाजारात आला १९६६ ला. त्यामुळे डोक्याचे केस हाताला मखमलीसारखे लागतात की नुसते रंगवलेले आहेत, तेही लिहा. मखमली असतील तर १९७० किंवा त्यानंतरचा, हे नक्की.