दारातले स्पीकर बदलताना

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसवायचे आहेत. फिटर म्हणतो, पत्रा थोडा कापावा लागेल. कापू द्यावा का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : अजिबात नको. कापलेल्या कडेचा रंग गेला की गंज तिथूनच धरतो. दाराच्या आत पाणी येतंच, काचेच्या रबराजवळून झिरपतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. जुलैत त्र्यंबक रोडला जाऊन आलात की दार ओलंच समजा. मॉडेलप्रमाणे प्लास्टिकची स्पेसर रिंग, म्हणजे दार आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारी कडी मिळते, ती वापरा.

खरेदीआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या भोकातून काचेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. रिंगची जाडी धरून स्पीकरच्या मागचा मॅग्नेट त्यात बसायला हवा, नाहीतर काच उतरताना त्यावर आदळते. रिंग फार जाड घेतली तर स्पीकर समोरच्या जाळीला टेकतो, तेही बघा.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण काढताना आधी हँडलमागचे लपलेले स्क्रू शोधा, मग प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा सोडवा. जुन्या क्लिपा तुटणारच, जास्तीच्या जवळ ठेवा. आतला, पाणी पॅडपर्यंत येऊ न देणारा प्लास्टिकचा कागद मात्र जपा. आमच्यातले काही कारागीर तो टरकन फाडून फेकतात आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक ओला पॅड घेऊन माझ्याकडे येतं! त्याचा काळा गोंद हेअर ड्रायरने मऊ करा, कागद अलगद सोडवा आणि काम झालं की तसाच दाबून चिकटवा.

वायर कापू नका, गाडीच्या मूळ प्लगला जोडायचा कपलर मिळतो. आणि हो, बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा.