1924 मध्ये वू पेइफूसारखा बलाढ्य चिनी सेनापती एवढ्या झटपट कसा कोसळला?

त्याच्याच बाजूचा सेनापती फंग युशियांग उलटला, म्हणून. त्या शरद ऋतूत वू मंचूरियाच्या झांग झुओलिनशी लढत होता आणि त्याचं मुख्य बळ शानहायग्वानच्या खिंडीत गुंतलं होतं. फंगला पाठवलं होतं बीजिंगच्या ईशान्येकडच्या रह (रेहे) प्रांताच्या आघाडीवर. तो चीनच्या भिंतीवरच्या गुबेइकोउ खिंडीपर्यंत गेला, तिथून गुपचूप माघारी वळला आणि 23 ऑक्टोबरच्या पहाटेपर्यंत बीजिंग त्याच्या ताब्यात होतं. शहराचे दरवाजे आतून उघडून दिले सुन युएने, ज्याच्यावर राजधानीच्या बंदोबस्ताची जबाबदारी होती! राष्ट्राध्यक्ष त्साओ कुन नजरकैदेत गेला आणि पुढून झांग, मागून फंग अशा कात्रीत सापडलेला वू उरलेली फौज घेऊन समुद्रमार्गे दक्षिणेला निसटला. घटनांचा हा क्रम या काळावरच्या बहुतेक इतिहासग्रंथांत असाच सापडतो.

मात्र कारकीर्द तिथेच संपली असं समजू नका. 1926 मध्ये तो मध्य चीनमधल्या हुबेइ प्रांतात पुन्हा उभा राहिला होता, इतकंच नव्हे तर त्याच फंगविरुद्ध झांगशी हातमिळवणीही केली होती. त्याला खरं संपवलं ते त्या वर्षीच्या उत्तर मोहिमेने, म्हणजे सेनापतींची सत्ता मोडायला दक्षिणेतून निघालेल्या क्वोमिंतांग पक्षाच्या फौजेने: ऑगस्टमध्ये हुबेइतल्या डिंगसी पुलावर हार आणि 10 ऑक्टोबरला तिथल्याच वूचांग शहराचा पाडाव.