मास्क महागले तरी जास्त का विकले गेले?

तुमचा प्रश्न रास्त आहे. किंमत वाढली की मागणी घटते असं पुस्तक सांगतं, मग 2020 मध्ये मास्क महागूनही खप का वाढला? नियम चुकलेला नाही. 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शेपूट आपण परीक्षेत न चुकता लिहितो आणि उदाहरण बघताना विसरतो.

निव्वळ किमतीमुळे खरेदी कमी-जास्त झाली तर तो मागणीचा विस्तार किंवा संकोच. त्याच मागणी वक्रावर (कोणत्या किमतीला किती खरेदी होईल हे दाखवणारी रेषा) आपण वर-खाली होतो. मागणीची वृद्धी किंवा ऱ्हास होतो तेव्हा अख्खा वक्रच सरकतो, म्हणजे त्याच किमतीला लोक आधीपेक्षा जास्त किंवा कमी घ्यायला तयार असतात. साथीत मास्कची गरज अचानक वाढली, पुरवठा तेवढ्या वेगाने वाढेना, म्हणून किंमत चढली. इथे किंमत हे कारण नव्हे, परिणाम आहे. माझा साधा ठोकताळा: किंमत आणि खप एकाच दिशेने गेले तर मागणी सरकली असं समजा, उलट दिशांना गेले तर आधी पुरवठा तपासा.

आता वक्र सरकतो कशाने? उत्पन्नाने, पण ते वाटतं तितकं सरळ नाही. उत्पन्न वाढतं तसा एकूण खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलने 1857 मध्येच मांडलं. हात सैल झाल्यावर काही वस्तू लोक चक्क सोडून देतात, उदाहरणार्थ वापरलेल्या वस्तू घेणं. यांना 'कनिष्ठ वस्तू' म्हणतात (नाव दिशाभूल करणारं आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही).

पर्यायी (एकीच्या जागी दुसरी चालते) आणि पूरक (दोन्ही सोबत लागतात) वस्तूंचं एकच उदाहरण पुरे. डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्म रोलची मागणी कोसळली. रोल महागले म्हणून नव्हे. रोल धुण्याच्या रसायनांची मागणीही मग त्यांच्याबरोबर गेली.

आवडनिवड, जाहिरात, लोकसंख्या हे तुम्हाला पुस्तकात मिळेलच. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे अपेक्षा. जपानमध्ये 1 एप्रिल 2014 पासून उपभोग कर (खरेदीवर लागणारा कर) 5 वरून 8 टक्के होणार हे आधीच जाहीर होतं. लोकांनी मार्चपर्यंत खरेदी उरकून घेतली आणि एप्रिलपासून विक्री आपटली. फक्त एप्रिल ते जूनचे आकडे पाहणाऱ्याला वाटेल की सगळा परिणाम वाढलेल्या कराचाच. त्यातली बरीचशी खरेदी मात्र मार्चमध्येच होऊन गेली होती.