टाळलेल्या खर्चाची वही

सार्वजनिक विद्यापीठाचं अंदाजपत्रक कसं वाचावं यावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतो आहे. मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या लेखा विभागात ३१ वर्षं काम केलं, शेवटची नऊ वित्त अधिकारी म्हणून. उत्तरं त्या टेबलामागे बसून जे पाहिलं त्यातून आली आहेत.

प्रश्न : आमच्या विभागात मंजूर पदं नऊ, भरलेली चार. बाकीचं काम तासिका तत्त्वावरचे सहकारी ओढतात. पदं भरा म्हटलं की ‘पैसे नाहीत’ हे उत्तर ठरलेलं. मग वार्षिक हिशेबात दरवर्षी शिल्लक कशी दिसते? – एक प्राध्यापिका

ही शिल्लक दोन ठिकाणांहून येते आणि दोन्ही एका आकड्यात मिसळलेल्या असतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिल्या प्रकारच्या पैशावर आधीच कुणाचं तरी नाव असतं. संशोधन प्रकल्पाचा निधी, एखाद्या शिष्यवृत्तीसाठी देणगीदाराने ठेवलेली ठेव, विद्यार्थ्यांची अनामत, निवृत्तिवेतनाची तरतूद. खातं विद्यापीठाचं, पण त्यातून पगार काढता येत नाही. ठेवींचा मोठा आकडा वाचून लोक चिडतात ते मला समजतं. तरी त्यातला बराचसा पैसा विद्यापीठाकडे केवळ सांभाळायला दिलेला असतो.

दुसरी शिल्लक मात्र तुमच्या रिकाम्या पाच खुर्च्यांची आहे. पगाराची तरतूद होती, माणूस नव्हता, वर्षअखेरीला ती रक्कम ‘बचत’ होऊन वर आली. इथूनच खरं दुखणं सुरू होतं. पुढच्या वर्षीचं अनुदान अनेकदा मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चावर बेतलं जातं. गेल्या वर्षी एवढ्यात भागलं होतं, मग यंदा जास्त कशाला? एक वर्ष रिकामं राहिलेलं पद अशा रीतीने कायमचं रिकामं होत जातं. कुणी ते रद्द केल्याचा कागद तुम्हाला सापडणार नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत खनिजं तपासायचं क्ष-किरण यंत्र होतं. ते सांभाळणारे प्राध्यापक निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही. यंत्र कुणी वापरत नाही म्हणून त्याचा वार्षिक देखभाल करार थांबवला. त्या टिपणीवर माझी सही आहे. काटकसर झाली म्हणून तेव्हा बैठकीत आमचं कौतुकही झालं. पाच वर्षांनी नवीन अध्यापक आले. यंत्र सुरू होईना, सुटे भाग मिळेनात, शेवटी ते निर्लेखित केलं, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढलं. मधल्या पाच वर्षांत त्या प्रयोगशाळेतून एकही प्रकल्प-प्रस्ताव गेला नव्हता, म्हणजे बाहेरून येणारा निधीही बुडाला होता. आम्ही वाचवलेली रक्कम हिशेबात होती, बुडालेली कुठेच नव्हती.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ लेखापाल बाई होत्या. त्या वेगळी वही ठेवत. प्रत्येक पानावर चार रकाने: काय पुढे ढकललं, कधी, त्या दिवशी किती खर्च आला असता, आज किती येईल. वही कुठल्याही नियमात बसत नव्हती, तिला जावक क्रमांक नव्हता. ग्रंथालयाच्या गच्चीचं जलरोधन त्या वहीत सलग तीन वर्षं होतं. चौथ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड भिजले. तोवर दुरुस्तीचा अंदाज तिसऱ्या रकान्यातल्या आकड्याच्या चौपट झाला होता आणि खंडांची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची हे बाईंनाही ठरवता आलं नाही. त्यांनी ती जागा कोरी सोडली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा वही माझ्याकडे देऊन गेल्या आणि मी ती शेवटच्या दिवसापर्यंत चालवली.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर : पैसे नाहीत हे बहुधा खरं आहे. शिल्लक आहे हेही खरं आहे. त्या शिल्लकेतली किती रक्कम रिकाम्या पदांची आहे, हे वेगळं काढून मागा. तो आकडा लेखा विभागाला सहज काढता येतो.

प्रश्न : तोच फळा, तोच वर्ग. मग विद्यापीठाचा खर्च महागाईपेक्षाही वेगाने का वाढतो? – एका विद्यार्थिनीचे वडील

विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या संस्थांचा अभ्यास करून याचं उत्तर दिलं होतं. चार वादकांची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात वाजवली जाई, तेवढ्याच वेळात आजही वाजवावी लागते आणि माणसंही चारच लागतात. कारखान्यात यंत्रांमुळे एका माणसाचं उत्पादन वाढतं, त्याबरोबर पगार वाढतात. वादकांचं ‘उत्पादन’ वाढत नाही, पण पगार इतरांच्या बरोबरीने वाढवावाच लागतो, नाहीतर कुणी वादक होणार नाही. शिकवणंही असंच आहे. प्रबंधाचा मसुदा नीट वाचायला मार्गदर्शकाला पूर्वी जितके दिवस लागत, तितकेच आज लागतात. बोवेन यांनी हाच विचार पुढे विद्यापीठांना लावला आणि ते स्वतः नंतर प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

वाढलेला सगळा खर्च मात्र या एका कारणाने माफ करू नका. संशोधन-नियतकालिकांची वर्गणी घ्या. लेख लिहिणारे विद्यापीठाचे, ते तपासून देणारेही विद्यापीठांचेच, बहुतेकदा विनामोबदला. आणि छापलेलं विकत घेणारंही विद्यापीठच. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशकाबरोबरच्या संपलेल्या कराराचं नूतनीकरण करायला नकार दिला. जवळजवळ दोन वर्षं प्राध्यापकांनी नव्या लेखांविना, एकमेकांकडून प्रती मागवत काम निभावलं. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला आणि त्यात विद्यापीठातल्या संशोधकांचे लेख सर्वांना खुले ठेवण्याची तजवीज आली. एवढं मोठं विद्यापीठ, सगळे परिसर एकत्र आणि प्राध्यापक पाठीशी, म्हणून हे जमलं. एकेकट्या ग्रंथपालाने पत्र लिहून असली किंमत खाली येत नाही.

प्रश्न : शुल्क वाढवावं की शिक्षण मोफत असावं? आमच्या विद्यार्थी मंडळात यावर दोन तट पडले आहेत. – एक विद्यार्थी

माझा कल सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट तपासा : वाढीव शुल्क अनुदानाच्या *जोडीला* येतंय की अनुदानाच्या *जागी*? इंग्लंडमध्ये १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत शुल्क आलं, २००६ मध्ये कमाल मर्यादा ३,००० झाली, २०१२ मध्ये ९,०००. या शेवटच्या वाढीबरोबर बहुतेक विषयांचं अध्यापन-अनुदान जवळजवळ काढून घेतलं गेलं. म्हणजे विद्यार्थ्याने भरलेल्या पैशातला मोठा भाग सरकारने सोडलेली जागा भरण्यातच गेला. मग २०१७ मध्ये मर्यादा ९,२५० वर आली आणि २०२५ पर्यंत तिथेच राहिली. मधल्या काळात वीज, पगार, सगळं वाढलं. तूट भरायला विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडे वळली, कारण त्यांच्या शुल्काला मर्यादा नव्हती. सरकारच्या व्हिसा-धोरणावर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा खर्च अवलंबून राहणं मला फार धोक्याचं वाटतं.

जर्मनीत उलटं घडलं. २००५ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर काही राज्यांनी सत्राला साधारण ५०० युरो शुल्क सुरू केलं. लोकांनी विरोध केला, एकेक राज्य मागे आलं, सर्वांत शेवटी २०१४ मध्ये लोअर सॅक्सनी. मोफत शिक्षण चालतं, पण त्यासाठी सरकारने दरवर्षी तेवढा पैसा द्यायला हवा. तो कमी पडला तर विद्यार्थ्याला शुल्क पडत नाही, मात्र वर्गात दाटी होते आणि मार्गदर्शक मिळत नाही.

ऑस्ट्रेलियाची १९८९ ची पद्धत मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते. शिकताना काही भरायचं नाही. पुढे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की करखात्यामार्फत थोडं थोडं परत करायचं. उत्पन्न कमी राहिलं तर हप्ता नाही. गरीब घरातल्या मुलाला कर्जाची जी भीती असते ती इथे पुष्कळ कमी होते. तरीही माझी पहिली अट तीच आहे, अनुदान कापलं जाऊ नये. तुमच्या दोन्ही तटांनी निदान या एका मागणीवर एकत्र सही करावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : ‘विद्यापीठांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं, विनाअनुदानित अभ्यासक्रम काढावेत, पेटंट घ्यावीत’ असं अधिसभेत वारंवार ऐकतो. हे कितपत जमतं? – एक अधिसभा सदस्य

थोडं जमतं, आणि त्याची किंमत उशिरा कळते.

युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठाचं उदाहरण मी बैठकींत नेहमी देत असे. १९२२ मध्ये सुरू झालेली ही संस्था आफ्रिकेतल्या नामांकित विद्यापीठांपैकी एक. सरकारी पैसा आटल्यावर १९९० च्या दशकात तिथे सरकारी विद्यार्थ्यांच्या जोडीला शुल्क भरणारे विद्यार्थी घेतले जाऊ लागले, संध्याकाळचे वर्ग निघाले. दशक संपेपर्यंत शुल्क भरणारेच जास्त झाले. पैसा खरोखर आला, अध्यापकांच्या हाती चार पैसे जास्त पडले, आणि हे लहान यश नव्हतं. पण वर्गखोल्या आणि ग्रंथालय त्या वेगाने वाढले नाहीत. मिळकतीच्या वाट्यावरून विद्याशाखांत ओढाताण झाली, आणि जे विषय दुसऱ्या विभागाचे तेच वेगळ्या नावाने आपल्याकडे सुरू करण्याची चढाओढ लागली. तिथेच प्राध्यापक राहिलेले अभ्यासक महमूद ममदानी यांनी यावर सविस्तर टीका केली आहे.

आमच्याकडेही विनाअनुदानित अभ्यासक्रम दरवर्षी फायद्यात दिसत. मी एकदा त्यांच्या माथी इमारतीचा, विजेचा, ग्रंथालयाचा आणि परीक्षा विभागाच्या कामाचा रास्त वाटा टाकून हिशेब मांडला. सहापैकी दोनच फायद्यात उरले. बाकी चारांचा खर्च सर्वसाधारण निधी मुकाट्याने उचलत होता, म्हणजे तत्त्वज्ञान आणि भाषांचे विभाग आपल्या वाट्याची वीज-खडू त्यांना देत होते. असा पूर्ण हिशेब अधिसभेने मागितल्याशिवाय कुणी देत नाही, तुम्ही मागा.

पेटंटांबद्दल लोक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं नाव घेतात. तिथले संशोधक हॅरी स्टीनबॉक यांनी अतिनील किरणांनी अन्नातलं ड जीवनसत्त्व वाढवण्याची रीत शोधली आणि तिच्या मिळकतीतून विद्यापीठाच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९२५ मध्ये स्वतंत्र प्रतिष्ठान उभं राहिलं. ते आजही विद्यापीठाला निधी देतं. फार सुंदर गोष्ट आहे. पण असा शोध वेळापत्रकाने लागत नाही, आणि पेटंट दाखल करण्याचा, टिकवण्याचा खर्च मात्र वेळापत्रकाने येतो. अंदाजपत्रकात पेटंटची अपेक्षित मिळकत धरून पदं रिकामी ठेवणं मला कधीच पटलं नाही.

प्रश्न : कुणाचं नुकसान न करता खरोखर काटकसर होते का? – एक सहायक ग्रंथपाल

होते, आणि त्यात तुमच्यासारख्यांचा हात सर्वांत मोठा असतो. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेली आणि २००० मध्ये सर्वांना खुली झालेली ‘कोहा’ ही प्रणाली आज जगभरची ग्रंथालयं परवाना-शुल्क न देता वापरतात. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. फक्त ती चालवायला एक जाणकार माणूस पगारावर ठेवावा लागतो. तो न ठेवता फुकटची प्रणाली घेणं म्हणजे पुन्हा वहीतलं एक पान.

आम्हाला सर्वांत जास्त पैसा दोन साध्या कामांनी मिळाला. प्रत्येक इमारतीला वेगळं वीजमीटर बसवलं, तेव्हा रात्रभर चालणारी वातानुकूलन यंत्रं सापडली. आणि प्रकल्पांची उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे मिळालेला निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, वेळेवर पाठवायला एक लिपिक केवळ त्या कामावर नेमला. मंजूर झालेले पण प्रमाणपत्राअभावी अडकलेले हप्ते सुटू लागले. त्याच्या पगाराच्या कित्येक पट रक्कम पहिल्याच वर्षी आली.

प्रश्न : विभाग बंद करायचीच वेळ आली तर निकष काय? – एक निवृत्त प्राध्यापक

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये तूट भरण्यासाठी २८ अभ्यासक्रम आणि १४३ अध्यापक-पदं कमी करण्याचा निर्णय घेतला. परकीय भाषांना मोठा फटका बसला. विद्यार्थीसंख्या हा निकष मी नाकारत नाही. मी दोन प्रश्न जास्तीचे विचारीन : हा विषय आसपास दुसरीकडे शिकायला मिळतो का, आणि हा विभाग पुन्हा उभा करायला किती वर्षं लागतील?

प्रश्न : यंदा प्रथमच अंदाजपत्रकाच्या बैठकीला विद्यार्थी-प्रतिनिधी म्हणून बसणार आहे. तीन मिनिटं मिळतात. काय विचारू? – एक विद्यार्थिनी

जमा-खर्चाच्या तपशिलात शिरू नका, तीन मिनिटं त्यातच संपतील. एवढंच विचारा : ‘यंदा कोणती दुरुस्ती, कोणती पदं आणि कोणती वर्गणी पुढे ढकलली? कधीपर्यंत? आणि तेव्हा त्याचा खर्च किती होईल?’ उत्तर मिळालं नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना ती नोंद आहे का ते वाचून बघा. नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवा. सदस्य म्हणून तो तुमचा हक्क आहे. उत्तर मिळालं, तर ते चार रकान्यांत लिहून ठेवा आणि तुमच्यानंतर जो प्रतिनिधी येईल त्याच्याकडे ती वही द्या.